मागे गेलेला हात

सगळे काडी म्हणायचे त्या पोरीनं मान जराशी डावीकडे कलवली, कॅमेऱ्याच्या भिंगाऐवजी तिपाईच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, "चूक माझीच. बाटली हातातून सुटली." बस, एवढंच. प्रश्न सरावाचा होता, उत्तर सरावाचं होतं, खोलीही सरावाचीच होती. भिंतीवर टांगलेला प्रायोजकांच्या चिन्हांचा पडदासुद्धा जुना, त्यातल्या एका कंपनीनं कधीच गाशा गुंडाळला होता. पण कॅमेऱ्यामागे बसलेल्या मॅडमच्या अंगावर सरसरून काटा आला. हातातलं पेन सुटलं, घरंगळत खुर्चीखाली गेलं, आणि ते उचलायच्या निमित्तानं ती वाकली ती जरा जास्तच वेळ वाकून राहिली. तिथं टेबलाखालच्या अंधारात तिच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत होता, नसलेली गाठ चाचपत. ही खोड जुनी. बसमध्ये, दवाखान्यात, समोरचा काही सांगत असताना अंगठा आपला फिरत असतो. आई म्हणते, "हवेला चिमटे काढतेस की काय?" ती हसून हात पाठीमागे घेते. आज हात पाठीमागे घ्यायचंही सुचलं नाही, कारण खुर्चीखाली वाकलेल्या अवस्थेत तिला एकच गोष्ट समजत होती, की हे वाक्य, ही मान आणि हे खाली बघणं तिनं वीस वर्षांपूर्वी पाहिलेलं आहे, आणि ते या पोरीचं नाही.

धावणाऱ्यांना बोलायला शिकवायचं, हा तिचा गेल्या अकरा वर्षांचा उद्योग. संघटनेच्या कचेरीत तिसऱ्या मजल्यावर तिला एक खोली दिली होती, एक कॅमेरा, एक स्टूल आणि एक खोका. खोक्यात प्रश्नांची कार्डं. पोरांनी हात घालून एक उचलायचं, तिला द्यायचं आणि स्टुलावर बसायचं. बेचाळीस किलोमीटर न थांबता धावणाऱ्या या दणकट पोरांची माइक समोर आला की बोबडी वळायची. ती त्यांना सांगायची, आधी दम खा, मग बोल. प्रश्न आल्यावर मनात तीन मोज. मागे राहिलेल्यांचं नाव आधी घे, आपलं सगळ्यात शेवटी. नाक बाहीला पुसू नकोस, घरी सगळे बघत असतात. पोरं मान डोलवायची आणि महिन्याभरात सगळी एकसारखी बोलायला लागायची, हळू, खालच्या पट्टीत, डोळे जमिनीकडे. मग वर्तमानपत्रं लिहायची की मॅरेथॉन धावणारी माणसं फार नम्र असतात, लांबचं अंतर माणसाला लीन करतं वगैरे. ती ते कात्रण फळ्यावर लावायची आणि मनातल्या मनात म्हणायची, कसली नम्रता आणि कसलं काय. गर्व करायला अंगात ताकद लागते. शेवटची रेघ ओलांडलेल्या माणसाच्या अंगात जीव उरलेला नसतो, मेंदूला साखर पोचत नसते, जीभ टाळूला चिकटलेली असते, म्हणून तो हळू बोलतो. मान वर धरवत नाही म्हणून खाली बघतो. लोकांना वाटतं साधू दिसला. तिला स्वतःला लोक वीस वर्षं साधू समजत आले होते, आणि त्यांचा समज तिनं कधी मोडला नव्हता.

"हे उत्तर कुठून आणलंस?" वर आल्यावर तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखाच आला. तो नेहमी नेहमीसारखाच येतो.

"का मॅडम? चुकलं?" काडी स्टुलावर सरळ झाली. एकवीस वर्षांची पोर, हातपाय नुसत्या काटक्या. रविवारी ती पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत पहिल्या रांगेत उभी राहणार होती.

"कार्डावर काय लिहिलंय? पस्तिसाव्या किलोमीटरला टेबलावर तुझी बाटली नव्हती. नव्हती, असं लिहिलंय. मग हातातून सुटेल कशी?"

काडी ओशाळली. "सवय झालीये. आमच्या शाळेच्या बाईंनी शिकवलंय. बाटली जागेवर नसली ना, तर कुणी नेली, कुठं गेली, असलं काही बोलायचं नाही. हातातून सुटली म्हणायचं आणि विषय मिटवायचा. बाई म्हणतात, एकदा दुसऱ्याकडे बोट दाखवलं की माणूस जन्मभर त्या टेबलापाशीच उभा राहतो." मग थोडी घुटमळून म्हणाली, "बाई तुमच्याबरोबर धावायच्या ना मॅडम? त्या सांगत नाहीत हं कधी. आम्हीच जुने निकाल शोधून काढले."

"बऱ्या आहेत?"

"बऱ्या कसल्या, खडूस आहेत. स्वतः सायकलवर बसतात आणि आम्हाला पळवतात. आणि डावा पाय असा आपटत चालतात ना, धप्, धप्. जिन्यात आल्या की अख्खी शाळा चिडीचूप." काडी हसली. तीही हसली असावी, कारण काडीचं हसू लांबलं. मग तिनं विचारलं की बाईंचा नंबर आहे का, आणि काडीनं आनंदानं तो दिला. "फोन करा ना मॅडम. खूश होतील," असं म्हणून पोर पिशवी खांद्याला लावून गेली, आणि तिच्या हलक्या, एकसारख्या पावलांचा आवाज जिन्यात विरल्यावरही दुसराच एक आवाज त्या खोलीत उरला, धप्, धप्, उजव्या खांद्याच्या जरा मागे.

त्या पायामुळेच त्यांच्या प्रशिक्षक सरांनी तिच्या मैत्रिणीला, म्हणजे काडीच्या या बाईंना, घड्याळ म्हणायला सुरुवात केली होती. घड्याळाचा प्रत्येक किलोमीटर ठरलेल्या सेकंदांत यायचा, ना एक कमी ना एक जास्त, आणि डावं पाऊल असं पडायचं की डोळे मिटूनही कळावं घड्याळ कुठं आहे. हिला सर खार म्हणायचे, कारण ही मधूनच सुसाट सुटायची आणि मग दमून बसायची. सहा वर्षं दोघी एका खोलीत राहिल्या, एका ताटात जेवल्या म्हटलं तरी चालेल, एकमेकींचे पाय चेपले, एकमेकींचे फोड फोडले. धावताना एकच बाटली घ्यायची त्यांची रीत होती. पुढे असेल तिनं उचलायची, दोन घोट घ्यायचे आणि मागे न बघता हात मागे करायचा. मागच्या हातात ती आपोआप जायची. हजारो वेळा गेली असेल. सर म्हणायचे, लग्न लावून टाकतो तुमचं. खरं तर शर्यतीत प्रत्येकीची बाटली वेगळी असते, दर पाच किलोमीटरला लांबलचक टेबल, त्यावर प्रत्येकीनं आदल्या दिवशी भरून दिलेल्या बाटल्या, आणि धावत्या वेगात आपली ओळखू यावी म्हणून कुणी झेंडा लावतं, कुणी पीस, कुणी रंगीत फीत. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या खोलीत घड्याळ पलंगावर मांडी घालून फिती बांधत बसली होती. पिवळ्या फितीचं एकच रीळ शिल्लक होतं. "आता गं?" हिनं विचारलं. घड्याळ म्हणाली, "आता काय, गाठी मारू. तुला दोन, मला एक. तू आंधळी आहेस, तुला दोन लागतील." मग एक बाटली हिच्या हातात देऊन डोळे मिटायला लावले. "किती?" "दोन." "आणि ही?" "एक." "शहाणी," घड्याळ म्हणाली. खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे लागत होते, खालच्या मजल्यावर कुणीतरी दार आपटत होतं, आणि दोघी एवढ्या हसल्या होत्या की शेजारच्या खोलीतून भिंतीवर थाप आली. ते हसू तिला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. त्याचा त्रास होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हानं कहर केला. तिसाव्या किलोमीटरनंतर पुढे फक्त दोघी उरल्या, ती पुढे आणि उजव्या खांद्यामागे धप्, धप्. तिला तेव्हा, आयुष्यात पहिल्यांदा, तो आवाज नकोसा झाला. आपण संपत आलोय हे तिला पोटातून कळत होतं आणि मागचं पाऊल काही केल्या थकत नव्हतं, ठरलेल्या सेकंदाला पडत होतं. पस्तिसाव्या किलोमीटरचं टेबल एका वळणाच्या आड होतं. कॅमेऱ्याची मोटारसायकल तेवढ्यात पुढे गेली होती. तिची बाटली तिच्या जागी नव्हती; कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागून टेबलामागे पडली असेल. पिवळी फीत एकच उभी होती. तिनं ती उचलली. अंगठा फितीवर गेला आणि अंगठ्याला एक गाठ लागली. एकच. डोळ्यांत घाम होता, कानांत रक्त भणभणत होतं, डोकं कामातून गेलं होतं, सगळं खरं, पण अंगठा शुद्धीवर होता. तिनं दोन घोट घेतले. मग सवयीनं हात मागे गेला. बोटं सैल झाली. मागे पाऊल जवळ आल्याचं तिला ऐकू आलं, आणि नेमक्या त्या क्षणी हात थांबला, बाजूला वळला आणि त्यानं अर्धी भरलेली बाटली रस्त्याकडेच्या शेकडो चुरगळलेल्या पेल्यांत भिरकावून दिली. एका फोटोत तो हात आहे. रिकामा, मागे गेलेला, बोटं उघडी. लोक म्हणतात काय सुंदर हात आहेत, शेवटच्या सात किलोमीटरला अशी हालचाल कुणाची असते. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला मागचा आवाज बंद पडला. घड्याळ रस्त्यावर आडवी झाली होती. तिनं मागे वळून बघितलं नाही, आणि आवाज बंद झाल्यावर छातीत जे हलकं वाटलं ते तिनं आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

रेघेपलीकडे एक माइक तोंडाशी आला होता. "पस्तीसला तुमची बाटली मिळाली नाही असं कळतंय! पाण्याच्या थेंबाशिवाय शेवटचे सात किलोमीटर? कसं शक्य झालं?" खरं तर ती खोटं बोललीच नाही. खोटं प्रश्नात आयतं तयार होतं, तिनं फक्त ते खाली ठेवलं नाही. जीभ टाळूला चिकटलेली, मान धरवत नव्हती, ती जमिनीकडे बघत हळूच म्हणाली, "जे नाही, त्याचा विचार करायचा नाही." झालं. वाक्य गावभर झालं. बनियनांवर आलं, शाळांच्या भिंतींवर आलं, संघटनेच्या कचेरीत लिफ्टशेजारी चौकटीत लागलं. घड्याळाची मुलाखत दोन दिवसांनी झाली, अकरा सेकंदांची, रुग्णालयातल्या खाटेवर. उन्हानं मूत्रपिंडांना मार बसला होता, पुन्हा धावायचं नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. वार्ताहरानं विचारलं, एवढी तयारीची खेळाडू आणि बाटलीच घेतली नाही? घड्याळानं मान जराशी डावीकडे कलवली, खाटेच्या पायाकडे बघितलं आणि म्हणाली, चूक माझीच, बाटली हातातून सुटली. त्यानंतर कितीतरी वर्षं समालोचक टेबल आलं की आठवण काढायचे, सांभाळून हं, हातातून सुटायला नको. एकीनं बाटलीशिवाय शर्यत मारली आणि दुसरीला हातातली बाटली धरता आली नाही, अशी ती गोष्ट तयार झाली आणि पोरांना सांगायला सोयीची पडली. ती रुग्णालयात गेली नाही. सरांबरोबर फुलं पाठवली. एका बाटलीनं माणूस पडत नसतो, ऊनच तसं होतं, असं डॉक्टर म्हणाल्याचं सरांनी येऊन सांगितलं, ते तिनं पाठ करून ठेवलं. आणि ते अकरा सेकंदही पाठ केले. तोच तिचा आधार होता. घड्याळच म्हणते ना, सुटली. म्हणजे तिच्या हातात बाटली आली होती. म्हणजे टेबलावर आणखी एक पिवळी फीत असणार. म्हणजे अंगठ्याचीच चूक असेल, एवढ्या घामात एक काय आणि दोन काय. वीस वर्षं ती या काठीवर रेलून चालली, आणि आज एका काटकुळ्या पोरीनं हसत हसत ती काठी काढून घेतली. बाटली जागेवर नसली तर हातातून सुटली म्हणायचं. घड्याळाला माहीत होतं. रुग्णालयातही माहीत होतं, खाटेच्या पायाकडे बघताना माहीत होतं.

फोन वाजला तेव्हा ती अजून कॅमेऱ्यामागेच बसलेली होती. आई होती. "चारला येणार ना ते लोक? निळा शर्ट घाल. आणि ते वाक्य म्हण बरं का, नाहीतर विसरशील. लोकांना तेच ऐकायचं असतं." ती म्हणाली, "आई, मी दुसरं काही सांगितलं तर?" आई म्हणाली, "दुसरं काय आहे तुझ्याकडे?" आई काही टोचून बोलली नव्हती, सहज बोलली होती. तिनं पिशवीत आणलेला निळा शर्ट घातला. आज त्या शर्यतीला वीस वर्षं होत होती आणि वाहिनीचे लोक तिची मुलाखत घ्यायला याच खोलीत येणार होते. सांगायचं तर आज, नाहीतर मग कधीच नाही, हे तिला आरशात बघताना कळलं. रविवारी ती पोर बाईंचं 'हातातून सुटली' हेच वाक्य मनात घेऊन धावणार, तिच्यानंतर आणखी कुणी. एका चोरीवर झाकण म्हणून घातलेलं वाक्य शिकवण होऊन पिढ्यान् पिढ्या चालणार. भीती वाटत होती. पहिल्या रांगेत उभं राहताना वाटायची तशीच, आणि त्या भीतीची तिला कुठंतरी ओळखही पटली.

मुलाखतकार मोठा गोड माणूस होता, मऊ आवाजाचा, दर वाक्याला मान डोलवणारा. कॅमेरामननं तिला काडीच्याच स्टुलावर बसवलं. दिवे लागले. लहानपण झालं, सर झाले, जुनी मैदानं झाली. मग मुलाखतकार जरा पुढे सरकला. "तो क्षण. टेबलावर बाटली नाही. समोर सात किलोमीटर. काय चाललं होतं मनात?"

तिनं मनात तीन मोजले. "बाटली होती," ती म्हणाली. "माझी नव्हती. माझ्या मैत्रिणीची होती. मी घेतली."

मुलाखतकाराची मान डोलायची थांबली. तिला वाटलं, झालं, सुटलो एकदाचे. मग मुलाखतकाराचे डोळे हळूहळू भरून आले. "म्हणजे आज वीस वर्षांनी," तो म्हणाला, "तुम्ही तिची चूक स्वतःच्या अंगावर घेताय."

"नाही. तिची चूक नव्हतीच. मी घेतली आणि मी फेकली."

"पण ती स्वतः म्हणाली होती की हातातून सुटली. आपल्याकडे चित्रण आहे तिचं."

"ते तिनं मला वाचवायला..." आणि इथं ती अडखळली, कारण तिनं आपला आवाज ऐकला. हळू होता. खालच्या पट्टीतला होता. डोळे जमिनीकडे होते, वाक्याआधी तीन मोजून झाले होते, मागे राहिलेलीचं नाव आधी घेऊन झालं होतं. अकरा वर्षं जे शिकवलं ते सगळं नियमानं चाललं होतं. ती मोठ्यानं म्हणाली, "मला गाठ लागली होती हाताला! एक गाठ!" पण मोठ्यानंसुद्धा ते कसं छान आलं, भरून आल्यासारखं. मुलाखतकारानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "मैत्री म्हणजे काय ते आज कळलं," तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला. "अशी माणसं आता राहिली नाहीत." कॅमेरामननं अंगठा वर केला. तारा गुंडाळल्या गेल्या, दिवे विझले, चहा झाला, जाताना मुलाखतकारानं तिच्या पाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. तिनं दोनदा म्हणून बघितलं, "अहो, मी खरंच सांगतेय." तो म्हणाला, "तेच तर."

ते गेल्यावर ती स्टुलावर बसून राहिली. तिला संताप आला होता आणि तो कुणावर करावा हे कळत नव्हतं. खरं बोलायला गेली आणि आणखी मोठी होऊन बसली. रविवारी ते सगळीकडे दाखवतील, घड्याळही बघेल, शाळेतल्या पोरांसमोर बसून. आणि तिला वाटेल, बघा, आताही हिनं साधलं. तिनं फोन समोरच्या तिपाईवर लावला आणि स्वतःचं चित्रण करून बघितलं. "बाटली तुझी होती." पुसलं. पुन्हा. "घड्याळ, बाटली तुझी होती." पुसलं. चार वेळा केलं, चारही वेळा पडद्यावर एक समंजस, थकलेली, थोर बाई दिसली. तिचं तोंड फोडावंसं वाटलं. मग ती उठली आणि खोलीबाहेर येऊन जिना उतरायला लागली, आणि तळमजल्याला पोचल्यावर उलटी फिरून वर धावली. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत सहा मजले. दुसऱ्या फेरीला रखवालदार म्हणाला, "मॅडम, लिफ्ट चालू आहे." चौथ्या फेरीला तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. "काही हरवलंय का?" तिनं न थांबता वरचा जिना धरला. गुडघे बोंबलत होते, छातीत वीट अडकल्यासारखं झालं होतं, सेहेचाळीस वर्षांचं शरीर हे असलं काही विसरून गेलं होतं. सातव्या फेरीला डोळ्यांपुढे पिवळं आलं आणि तिला तिच्याच पावलांच्या मागे दुसरी पावलं ऐकू आली, एक हलकं, एक जड. आठव्या फेरीला ती चार पायांवर तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्या चढली, खोलीत शिरली, फोनसमोर उभी राहिली आणि तीन न मोजता बोलायला लागली. शब्द तुटत होते. नाक वाहत होतं, ते तिनं बाहीला पुसलं. निळा शर्ट पार भिजला होता. "तुझी होती. एक गाठ. मला कळली. प्यायले. हात... हात मागे नेला. मग... फेकली. अर्धी होती." पडद्यावर एक भेसूर, लाळ गळणारी बाई होती आणि तिच्या तोंडून येत होतं ते कुणालाही थोर वाटलं नसतं. तिनं ते काडीनं दिलेल्या नंबरवर पाठवून दिलं आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली.

फोन लगेच वाजला. तिनं उचलला, तोंड उघडलं, पण आत हवाच जात नव्हती.

"ए खार," पलीकडून आवाज आला. भरड झाला होता, पण तोच. "आधी दम खा. मग बोल."

म्हणजे तो नियमही घड्याळाचाच होता. हे कसं विसरलो आपण, ती विचार करत राहिली. अकरा वर्षं स्वतःचा म्हणून शिकवला. ती श्वास घेत राहिली आणि पलीकडे घड्याळ गप्प बसून राहिली, जशी मैदानाच्या कडेला बसायची.

"अर्धी होती?" मग घड्याळानं विचारलं.

"हो."

"हात मागे आला होता तुझा. मी बघितला होता." घड्याळ शांतपणे बोलत होती, बोलण्यात ना राग ना काही. "टेबलापाशी माझी बाटली दिसली नाही तेव्हा मला काही वाटलंच नाही. तुझ्या हातात दिसली. म्हटलं, आता मागे येईल. मी माझा हात पुढे केला होता, खार. सगळ्यांना सांगत आले की हातातून सुटली. ते अगदीच खोटं नाही बघ." मग थांबून म्हणाली, "वीस वर्षं एकच विचारायचं होतं. घेतलीस ते कळतं मला, मीही घेतली असती. दोन घोट प्यायलीस, हात मागे आणलास. मग फेकलीस कशाला?"

तिनं सवयीनं मनात मोजायला घेतलं. एक. उन्हानं डोकं फिरलं होतं, हे उत्तर होतं तिच्याकडे. दोन. हात घामानं निसटला, हेही होतं. पोरांना शिकवलेली किती उत्तरं होती, एकाहून एक नम्र. तीन मोजून झाले आणि पलीकडे कुणी घाई करत नव्हतं.

"तू जिंकली असतीस," ती म्हणाली.

पलीकडे मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि घड्याळ फोन कानाला धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागली असावी, कारण धप्, धप्, डावं पाऊल फरशीवर पडताना ऐकू यायला लागलं. एकोणचाळिसाव्या किलोमीटरला बंद पडलेला तो आवाज थेट तिच्या उजव्या कानात चालू झाला. तिनं फोन कानावर घट्ट दाबला. आज तो नकोसा वाटत नव्हता. ती भिंतीला टेकून, नाक न पुसता, तो ऐकत बसली.